लाखेची लाल तबकडी

ती दुपार आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. निपाणीला मी पीएसआय होतो. खबऱ्याचा फोन आला, "साहेब, बाजारातला ग्रामोफोनवाला जुन्या तबकड्या बदलून नकली देतोय." पाठोपाठ तंबाखूचे एक व्यापारी तक्रार घेऊन हजर. आजोबांची लाखेची तबकडी त्यांनी साफ करायला दिली होती.

"काळी दिलती साहेब. ही बगा, लालभडक आली. सरळ प्लास्टिक हाय."

जुनी तबकडी काळीच असते, एवढंच मलाही ठाऊक. मुद्देमाल जप्त केला आणि त्या ग्रामोफोनवाल्या अण्णांना ठाण्यात आणून बसवलं.

"खरी कुठं विकली, अण्णा?"

"हीच खरी, साहेब. गोदामातला तंबाखूचा मळ आन चिमणीची काजळी बसलती. साबणाच्या पाण्यानं धुतली, आतनं लाल निघाली. मलाबी लई नवल वाटलं."

व्यापारी हसले. "भारी साबण हाय की! आमची गाडी धुवा एकदा, नवी निघंल."

खिडकीतून बाजारातली माणसं डोकावत होती. अण्णांना लॉकअप दाखवला असता, तर त्यांच्या हातात पुन्हा कुणी तबकडी दिली नसती. हे कळत असूनही मला कबुलीच हवी होती.

"प्लास्टिक असेल तर वाकेल," म्हणत मी ती दोन्ही हातांनी दाबली.

"साहेब, नको!" अण्णा ताडकन उठले.

कट्‌कन दोन तुकडे झाले.

मोडलेली कड खरखरीत होती, आतपर्यंत लाल. शेजारी हवालदार दुसऱ्या मुद्देमालाला सील करायला लाख वितळवत होते. मी एक कपची त्यांच्या मेणबत्तीवर धरली. तोच लाखेचा वास. नोकरीभर नाकात बसलेला.

व्यापाऱ्यांनी तक्रार मागे घेतली. तुकडे रुमालात बांधताना एवढंच म्हणाले, "आजोबा कुणाला हात लावू देत न्हवते." मी माफी मागितली नाही. वर्दीत ते सुचलंच नाही.

लाखेत दगडाची पूड आणि काजळी घालून तबकडी काळी करत. काजळीऐवजी लाल रंग घातला की लाल. हे अण्णांनी नंतर सांगितलं. त्या दिवशीही सांगितलं असतं, मी विचारलं नाही. नवल वाटण्यासारख्या गोष्टीचा मी संशय घेतला, एवढाच गुन्हा त्या प्रकरणात घडला.

मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आता जुन्या बाजारांतून तपकिरी, लाल तबकड्या शोधतो आणि धुवायला अण्णांकडेच नेतो. ते स्टूल पुढे सरकवतात.

"बसा साहेब. बगा निवांत. पर हात लावायचा न्हाय."