शेगडी गॉर्डनची, पंखा मॉरिसचा

गॉर्डन टिमिन्सला हेवा वाटायला फार कारण लागत नसे. त्याची बायको ग्लेनिस दाताच्या डॉक्टरकडे दोनदा गेली, की तिसऱ्या खेपेला हा सोबत जाऊन बाहेरच्या बाकावर बसे, आणि आतून हसल्यासारखा आवाज आला की उठून उभा राही. तोंडात चिमटा असताना कुणाला हसता येत नाही, हे त्याला तत्त्वतः मान्य होतं. पण तत्त्व वेगळं आणि दाताचा डॉक्टर वेगळा.

जन्मभर त्यानं वुल्व्हरहॅम्प्टनला बस चालवली. निवृत्त झाल्यावर घर विकून बोटीचा एक रिकामा लोखंडी सांगाडा घेतला आणि ऑडलम गावाच्या वरच्या बाजूला कालव्यात, आमच्या बोटीच्या पुढच्याच खुंटांना आणून बांधला. साठ फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद. आतली प्रत्येक फळी त्यानं स्वतः ठोकली होती आणि त्या सगळ्यात त्याचा जीव होता तो पुढच्या टोकाच्या शेगडीत. ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची, छतातून धुराडं बाहेर काढलेली. पाहुणा आला की त्याला आधी शेगडी दाखवायची, मग ग्लेनिस.

दोष एकच होता आणि तो आमच्या सगळ्यांच्याच बोटींना असतो. शेगडी पुढे, निजायची खोली मागे. ऊब छताला चिकटून पुढेच बसून राहते. पुढे माणूस भाजून निघतो आणि मागे पाण्याच्या पेल्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो. ग्लेनिसची छाती मुळात नाजूक. दर हिवाळ्यात खोकला. त्या वर्षी शरद संपता संपता तिनं सांगून टाकलं, "गॉर्डन, या खेपेला सकाळी डोळे उघडल्यावर मला माझाच श्वास दिसला ना, तर मी डोरीनकडे जाणार. ईस्टरपर्यंत."

डोरीन म्हणजे तिची बहीण. नँटविचला तिचं घर होतं आणि घरात प्रत्येक भिंतीला खोली उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ. डोरीनकडे ईस्टरपर्यंत गेलेलं माणूस पुन्हा बोटीवर राहायला येत नाही, हे आमच्या काठावर सगळ्यांना ठाऊक होतं. गॉर्डनला सगळ्यात जास्त.

मग नोव्हेंबरात ग्लेनिसचा वाढदिवस आला आणि मॉरिसनं तिला पंखा दिला.

मॉरिस बेडोज आमच्यापासून चार बोटी सोडून, एकटा. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. पन्नास वर्षांपूर्वी त्याची आणि ग्लेनिसची सोयरीक ठरली होती, अंगठी झाली होती, आणि मग ग्लेनिस एके दिवशी चुकीच्या बसमध्ये चढली. ती बस गॉर्डन चालवत होता. अंगठी परत गेली. ही गोष्ट गॉर्डन स्वतःच रंगवून सांगे, फक्त मॉरिस जवळपास असेल तेव्हा जरा मोठ्यानं.

पंखा शेगडीवर ठेवायचा होता. वीतभर उंच, काळा, चार पात्यांचा. वायर नाही, बॅटरी नाही. बूड तापतं, माथा गार राहतो आणि त्या दोहोंमधल्या फरकावर पोटातली एक चकती वीज करते. शेगडी पेटली की तो आपोआप फिरायला लागतो, आवाजही न करता, आणि पुढची ऊब मागे ढकलतो. पहिल्याच रात्री ती ऊब स्वयंपाकघर ओलांडून, न्हाणीवरून वळसा घेऊन थेट ग्लेनिसच्या उशीपर्यंत पोचली.

"मॉरिस फिरतोय बघ," सकाळी ती अंथरुणातूनच म्हणाली.

"काय फिरतंय?"

"मॉरिस. मी नाव ठेवलंय त्याला."

गॉर्डन तेव्हा गुडघ्यांवर बसून राख काढत होता.

त्या दिवसापासून त्या बोटीवर मॉरिसचं राज्य सुरू झालं. मॉरिस अजून उठला नाही, मग मीही उठत नाही. मॉरिस आज मंद आहे, कोळसा घाल जरा. मॉरिसच्या पुढ्यात मोजे वाळायला नको ठेवूस. वाटेनं जाणारे थांबून खिडकीतून बघत आणि ग्लेनिस त्यांना आत बोलावून दाखवी. पाहुण्याला आता आधी पंखा दिसे. शेगडी म्हणजे पंखा ठेवायचं स्टूल झालं होतं.

"लाकडं मी आणतो," गॉर्डन मला म्हणाला. आम्ही दोघं कोळशाच्या बोटीची वाट बघत काठावर उभे होतो. "लाकडं मी फोडतो. कोळशाच्या गोण्या मी उचलतो, धुराडं मी साफ करतो. आणि ऊब कुणाची? मॉरिसची! तो आपला उभा राहून हात हलवतो नुसता."

"पात्या," मी म्हटलं.

"हातच ते. मला माहीत आहेत मॉरिसचे हात."

त्यानं उपाय केले. पंख्याचं तोंड भिंतीकडे केलं. ग्लेनिसनं ते परत वळवलं. धुराड्याला अगदी टेकवून ठेवला, तिथे माथाही तापतो आणि पंखा आळसावतो. तिनं उचलून मागच्या कडेला, गार हवेत आणून ठेवला. मग त्यानं विस्तवच बारीक केला. आग मंदावली की पंखा थांबतो, हा त्यातला खरा आनंद. कोट, मफलर, कानटोपी घालून तो थांबलेल्या पंख्यासमोर विजयी मुद्रेनं बसून राही. थोड्या वेळानं मागून खोकला ऐकू येई. एकदा, मग पुन्हा. हा उठे, दोन ओंडके घाली, हवेची झडप उघडी, आणि आग भडकली की पात्या हळूच हलू लागत. प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या हातानं जेवू घालावं लागतं, असा हेवा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

पंख्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं की अति ताप चकतीला सोसत नाही. तो कागद गॉर्डननं जपून ठेवला होता.

जानेवारीत ग्लेनिस एका सकाळी गावात चर्चच्या गायकवृंदाच्या तालमीला गेली. मी पाण्याचा डबा घेऊन त्यांच्या बोटीजवळून जात होतो, तर बाजूचं दार सताड उघडं आणि आत गॉर्डन नुसत्या बनियनवर. बाहेर वाटेवरचा चिखल दगड झाला होता. आतून भट्टीसारखी झळ येत होती.

"काय रे गॉर्डन, पाव भाजतोयस का?"

"माणसानं आपल्या बोटीत आपल्या घामात बसू नये का?"

शेगडीत ओकचे वाळके ओंडके होते, वर कोळसा. पंखा इतका सुंदर फिरत होता की पात्या दिसत नव्हत्या, नुसतं एक करडं वर्तुळ. मरणाच्या दारात इतकं देखणं होणं मॉरिसच्याच वस्तूला जमावं, असं गॉर्डनच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग वर्तुळाच्या पात्या झाल्या. पात्या एकेक करून दिसायला लागल्या. आग धडधडत असताना पंखा थांबला.

गॉर्डननं शर्ट चढवला आणि मला चहा देऊ केला. इतका प्रसन्न तो कधी दिसला नव्हता.

ग्लेनिस आली. शेगडीपुढे जरा उभी राहिली. पातीला बोटानं एक टिचकी मारली. ती अर्धी फिरून थांबली.

"मॉरिस गेला," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात कालवा गोठला. मागची खोली पुन्हा मागची खोली झाली. ग्लेनिसचा खोकला आमच्या बोटीपर्यंत ऐकू येऊ लागला आणि गुरुवारी तिनं पलंगाखालची बॅग काढून त्यात गरम कपडे भरले. शनिवारी डोरीन गाडी घेऊन येणार होती.

नवा पंखा आणावा तर नँटविचच्या दुकानातले संपले होते, पुढचे कधी येतील ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. काठावर पंखे दुरुस्त करणारा एकच माणूस होता.

शुक्रवारी सकाळी गॉर्डन पंखा पिशवीत घालून माझ्या दाराशी आला. "तू चल."

"मी कशाला?"

"मी त्याच्या डोक्यात घालू नये म्हणून."

मॉरिसनं आम्हाला आत घेतलं. बोट घड्याळजीची, सगळं जागच्या जागी. त्यानं पंखा उलटा केला, चार स्क्रू काढले आणि चकती चिमट्यानं उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला.

"ही आपोआप जळत नाही, गॉर्डन."

गॉर्डन खिडकीबाहेर गोठलेल्या बदकांकडे बघत होता. म्हणजे बदकं गोठलेली नव्हती, पण त्यांचीही काही हालचाल नव्हती.

"शेगडी लाल झाली असणार," मॉरिस म्हणाला.

"गारठा होता."

"हो ना. अंगठी तिनं परत केली, पंखा तू जाळलास. माझी वस्तू तुमच्याकडे टिकत नाही."

"दुरुस्त होतोय की नाही तेवढं सांग."

"आणि नाही केला तर?"

"तर ती उद्या जाईल," गॉर्डन म्हणाला. "मग बस माझ्या धुराड्याकडे बघत. मीही बसतो तुझ्या. दोघं म्हातारे मजेत राहू."

मॉरिसनं खण उघडला, एक नवी चकती काढली आणि पांढरा मलम लावून बसवली. हात जराही हलत नव्हता. ते हात गॉर्डन शेवटपर्यंत बघत होता, नावडीनं, पण बारकाईनं.

"पैसे किती?"

"राहू दे."

"राहू दे कसं? घे."

"नको म्हटलं ना."

"मॉरिस, पैसे घे रे बाबा. फुकट दिलास तर परत तुझाच होईल तो."

"म्हणूनच घेत नाही," मॉरिस म्हणाला आणि आमच्यासाठी दार उघडलं.

गॉर्डननं पंखा परत शेगडीवर नेऊन ठेवला. त्या रात्री त्यांच्या बोटीवर खोकला ऐकू आला नाही. सकाळी डोरीनची गाडी पुलाशी उभी राहिली, तेव्हा बॅग वर काढायला मदत करावी म्हणून मी गेलो. बॅग पलंगावर बंद होती. ग्लेनिस शेगडीपाशी बसली होती.

"कुणी केला दुरुस्त?" तिनं विचारलं.

'मी' हा शब्द गॉर्डनच्या ओठांपर्यंत आलेला मी डोळ्यांनी पाहिला.

"मॉरिसनं," तो म्हणाला.

"आणि बिघडवला कुणी?"

"मी."

"माहीत आहे मला. फळीवरच्या मेणबत्त्या उकाड्यानं वाकून आडव्या झाल्या होत्या, गॉर्डन. भर जानेवारीत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू त्याच्याकडे जाशील असं मला वाटलं नव्हतं. मी बॅग भरली ती खरीच भरली होती."

तेवढ्यात डोरीन काठावरून टाकलेल्या फळीवरून धापा टाकत आत आली, कोट काढला, मग स्वेटर काढला. "अगंबाई, काय उकडतंय तुमच्या या डबीत! चल गं, गाडी चालू ठेवून आलेय मी."

"जा, बंद करून ये," ग्लेनिस म्हणाली. "चहा घेऊन जा." आणि तिनं बॅगेची चेन उघडली.

दुपारी तिनं मटणाचा स्ट्यू केला. त्यातला एका भांड्यात काढून, वर झाकण बांधून ती कोट घालू लागली.

"कुणाला?" गॉर्डननं विचारलं.

"त्याला. निदान इतकं तरी."

"थंडीत तू कशाला बाहेर पडतेस? मी देतो."

"तू?"

"मी देतो म्हटलं ना."

भांडं दोन्ही हातांत धरून तो निसरड्या वाटेनं चार बोटी पलीकडे गेला. बराच वेळ झाला तरी परतला नाही, म्हणून मी डोकावलो. मॉरिस टेबलाशी बसून जेवत होता आणि गॉर्डन दारात उभा होता, कोट न काढता.

"बस की," मॉरिस म्हणाला. "नाहीतर जा. भांडं उद्या मी आणून देईन."

"नको," गॉर्डन म्हणाला. "खा तू सावकाश. मी थांबतो."