काटे तरसासाठी

वडील होते तेव्हाही उन्हाळ्यात आम्ही मोहाची फुलं उकडून खात असू. आई आणि मी, दोघींत धड लुगडं एकच. एकीला बाहेर जायचं तर दुसरीनं घरात बसायचं. वडील तापानं गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

आमचा पाडा तळोद्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. मेलेला परत येऊ नये म्हणून आमच्यात पुरल्यावर मातीवर बोरीचे काटे टाकतात. वडील आणि आई, एवढेच पाड्यावरचे ख्रिस्ती. आईनं काटे टाकू दिले नाहीत. "पाद्रीबाबा म्हणाले, हे एक दिवस उठणार. टोचतील ना." कुणी हसलं नाही. लोक घाबरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कबरीवर गेलो. आई लुगडं नेसली, मी वडिलांचं धोतर गुंडाळलं. कबर एका बाजूनं उकरलेली होती. आत बघायचं धाडस दोघींतही नव्हतं. पळत घरी आलो. "कुणाला बोलू नको," आई एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत गुराख्यांनी कबर पाहिली आणि पंच अंगणात येऊन बसले. हिनं मंत्र घालून नवरा उठवला, ही डाकीण, असं बोलणं सुरू झालं. डाकीण ठरलेल्या बाईचं काय करतात ते मी पाहिलं होतं. सकाळी काय पाहिलं ते मी सांगायला उठले तर एक पंच म्हणाला, "पोरी, बायकांची साक्ष इथे चालत नाही. बस खाली."

शेवटी धाकटे काका काठी घेऊन कबरीकडे गेले. ते येईपर्यंत आईनं माझं मनगट सोडलं नाही. वळ उठले.

"दादा जागच्या जागी आहे," काका म्हणाले. "तरस येऊन गेलं. पावलं आहेत, बघून या." चौघं बघून आले आणि पंच उठले.

काका आईला म्हणाले, "वहिनी, तुझा देव उठला असेल. तुझा नवरा काही उठला नाही."

"अजून वेळ आहे," आई म्हणाली. "टाक काटे. पण तरसासाठी."

पुढे मिशनच्या शाळेतून मी पुण्याच्या कॉलेजात गेले. तिथे वर्गातल्या एकीनं विचारलं, "येशू उठला याला पुरावा काय? चार बायका म्हणाल्या म्हणून?"

मी म्हटलं, "गोष्ट रचायची असती तर साक्षीला बायका कुणी घेतल्या असत्या? तिकडेही तेव्हा बायकांची साक्ष फारशी धरत नसत, आमच्या पाड्यावर तर नाहीच. आणि त्या रिकामी कबर बघून भिऊन पळाल्या, हे कोण मुद्दाम लिहील? माझ्या काकांनी देह दाखवला, आमच्याकडचं बोलणं त्याच दिवशी थांबलं. तिकडे देह कुणालाच दाखवता आला नाही."

"एवढ्यानं सिद्ध होत नाही."

"नसेल होत. तू तशा कबरीपाशी उभी राहिलेली नाहीस."

हे बोलतानाही माझे तळहात ओले झाले होते. उकरलेली माती दिसली की अजून होतात.

आईला पाड्यावरून कुणी काढलं नाही. मी बी. ए. झाले, आमच्या पाड्यावरची पहिली.