नानांच्या मागची जागा

आमच्या एरंडोलच्या बँडमधली एक गोष्ट बाहेर बोलायची नाही, असं ठरलेलं होतं. पहिल्या रांगेत ट्रम्पेट तोंडाला लावून उभे असलेले नाना वाजवत नसत. त्यांच्या मागे उभा राहून मी वाजवायचो.

बँड आमच्या आळीचा. नानांच्या वडिलांनी सुरू केलेला. ढोलावर सुतार, क्लॅरोनेटवर दोन मुसलमान भाऊ, बाकी घराघरातला एकेक जण. धुळ्यापर्यंतच्या गावांत लोक लग्नाची तिथी धरण्याआधी नाना मोकळे आहेत का, ते विचारून जात. मला ट्रम्पेट त्यांनीच शिकवलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांचे पुढचे दात गेले. ट्रम्पेट ओठांवर दाबायचं तर आतून दातांचा टेकू लागतो. कवळी बसवली, पण फुंक मारली की ती हलायची. मग सगळ्यांनीच म्हटलं, नाना, तुम्ही पुढेच उभे राहा. ते गाल फुगवायचे, बोटं बरोबर चालवायचे. दोन हंगाम कुणाला काही कळलं नाही.

तिसऱ्या हंगामात धुळ्याजवळच्या एका गावी लग्न होतं. त्याच गावात माझी सोयरीक चालली होती. मुलीचे वडील नाक मुरडून मध्यस्थाला म्हणाले होते, "पोरगा मांगे उभा ऱ्हास म्हने." ते आणि त्यांचा मुलगा मांडवाच्या दाराशीच बसलेले मला दिसले.

वरात मांडवाजवळ आली तेव्हा आधीच येऊन बसलेले नवरदेवाचे आजोबा बाजेवरून उठले. "मना लगीनमा तुम्हीनच वाजाडं व्हतं, नाना. आते बठ्ठा चूप ऱ्हा रे. नाना एकला वाजाडतीन."

ढोल थांबला. नानांनी ट्रम्पेट ओठांना लावलं आणि मान किंचित मागे झुकवली. ही आमची खूण. मी फुंकायचं.

मी फुंकलं नाही.

नंतर सगळ्यांना सांगितलं, तोंड कोरडं पडलं होतं. ते खोटं होतं. तोंड चांगलं ओलं होतं. मला फक्त मुलीच्या वडिलांना आणि भावाला कळू द्यायचं होतं की सूर कुणाचा आहे. एवढ्यासाठी मी थांबलो, आणि थांबल्यावर मात्र खरंच काही करता येईना. बोटं ट्रम्पेटवर होती, पुढे नानांची पाठ होती.

नानांनी वाट पाहिली. मग स्वतः फुंकलं. फुस्स असा आवाज आला. पोरं हसली. कवळी निसटली, ती त्यांनी हातात झेलली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"दात ग्यात, आबा," ते म्हणाले.

आजोबांनी नानांचा हात धरून त्यांना शेजारी बाजेवर बसवलं. मग कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. उरलेली वरात मी पहिल्या रांगेत वाजवली. चांगली वाजली.

परतताना मेटॅडोरमध्ये नाना माझ्याजवळ बसले होते.

"तोंड कोरडं पडनं व्हई रे. आवळा ठेवत जाय तोंडमा."

त्यानंतर ते बँडबरोबर आले नाहीत. माझं लग्न त्याच घरात झालं. बायकोला यातलं काही ठाऊक नाही.

लग्नसराई लागली की नाना दर वर्षी सुकवलेल्या आवळ्याची पुडी पाठवायचे. मी ती ठेवून घ्यायचो. नव्वदच्या दशकात गावोगाव कॅसेटचे भोंगे आले, बोलावणी कमी झाली, पुडी मात्र येत राहिली.

एकदा खरं सांगून टाकायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. ऐकू कमी यायला लागलं होतं. मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी माझं तोंड..."

त्यांनी कानामागे हात धरला. "आवळा सरना का रे?"

मी पुन्हा सांगू शकलो असतो, मोठ्याने. रस्त्यावर माणसं होती.

"हो नाना," मी म्हणालो. "सरला."

ते भिंतीला धरून उठले आणि पुडी आणायला आत गेले.