रिकाम्या खुर्चीचे गव्हर्नर

दोन्ही बाजूंनी मैलभर रस्ता मोकळा पडलेला असला, तरी चालणाऱ्यांचा दिवा लागेपर्यंत गव्हर्नरकाका फुटपाथवरून पाय खाली टाकायचे नाहीत. बर्फ पडत असलं तरी नाही. मी आणि निखिल पळत पलीकडे जाऊन ऑफिसच्या दारात पोचलेलो असायचो आणि काका मागे टोपीवर बर्फ साठवत उभे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, कोण बघतंय इथे?" त्यावर शांतपणे म्हणाले, "कोणी पाहून नाही राहिलं, पोरी. पण उद्या कोणी विचारलं, तर मला 'नाही' म्हणता आलं पाहिजे." कधी नियम मोडला का, कधी दंड झाला का, कधी खोटं लिहिलं का, व्हिसाच्या अर्जांतल्या असल्या प्रश्नांच्या याद्या त्यांनी इतक्या वेळा भरल्या होत्या की सगळं आयुष्यच त्यांनी 'नाही'च्या रकान्यात बसवून टाकलं होतं.

आम्ही तिघं एकाच ऑफिसात; काका मूळचे अकोल्याचे. दोन वर्षांच्या लेकीला, ऋताला, कडेवर घेऊन दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि अठरा वर्षं झाली तरी इथेच होते. ग्रीनकार्डच्या रांगेत. ही रांग दिसत नाही, पण दर महिन्याला सरकारी बुलेटिन निघतं आणि त्यात ती किती दिवस पुढे सरकली ते कळतं. काका ते पंचांगासारखं वाचायचे. "या महिन्यात सात दिवस सरकली," म्हणून आनंदाने सगळ्यांना चहा पाजायचे, आणि पुढच्या महिन्यात ती तीन आठवडे मागे गेलेली असायची. तीन वेळा बढती चालून आली, तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले. हुद्दा बदलला तर कागद पहिल्यापासून करावे लागतील, असं वकिलाने सांगितलं होतं. त्यांनीच शिकवलेली मुलं त्यांचे साहेब होऊन गेली आणि काका त्यांनाही टेबलावर बोलावून डब्यातली शेवभाजी वाढत राहिले.

घरी गेलं की आधी भिंती दिसायच्या. भाड्याच्या त्या घरात त्यांनी एक खिळा ठोकला नव्हता. ऋताची चित्रं, लग्नाचा फोटो, घड्याळसुद्धा भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेलं. काकूंनी एकदा माझ्यासमोरच सुनावलं, "किती वाजले ते बघायला या घरात वाकावं लागतं." काका हसले आणि म्हणाले, "कार्ड आलं की पहिला खिळा तुझ्या हातानं." मला या माणसाचा राग यायचा. त्यांच्यावरचा नाही, त्यांच्यासाठीचा. पण यायचा तो त्यांच्यावरच.

राग यायला मी कोण होते? माझे वडील इथे शिकत असताना मी या देशात जन्मले, दीड वर्षाची असताना पुण्याला गेले आणि मोठी होऊन इथलाच पासपोर्ट घेऊन परत आले. मी कशासाठीही रांगेत उभी राहिले नव्हते. "तू जन्मली आणि झालं तुझं काम!" काका म्हणायचे. त्यात हेवा नसायचा, आणि ते मला जास्त लागायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच आठवड्यात एक मंत्र द्यायचे, तो त्यांनी मलाही दिला होता. "जिथं द्यायलाच पाहिजे तिथं सोडून सरकारच्या कुठल्याच कागदावर आपलं नाव येऊ देऊ नको." मला त्याची काही गरज नव्हती. तरी रोज त्यांच्याच टेबलावर जेवून जेवून तो माझ्याही अंगात मुरला. कुणी रस्त्यात सह्यांची मोहीम घेऊन आलं, तर निखिल आणि काका जसे मान खाली घालून निसटायचे, तशी मीही निसटायची. मतदानाला तर एकदाही गेले नव्हते.

त्या उन्हाळ्यात आमच्या राज्याचे म्हातारे सिनेटर वारले आणि त्यांची जागा रिकामी झाली. दोन वर्षांनी निवडणूक होईपर्यंत तिथे कुणाला बसवायचं, ते गव्हर्नरने ठरवायचं होतं. आमच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि जेवणारे आम्ही तिघं. काकांनी चौथी खुर्ची मागे ओढली, तिच्यावर पेपर नॅपकिन अंथरला आणि जाहीर केलं, "ही सिनेटची जागा. इथं कोणी डबा ठेवायचा नाही." त्या दिवसापासून रोज जेवताना वाद, आणि त्याच दिवसापासून काका गव्हर्नर.

निखिल मुंबईचा. त्याला एक बडा उद्योगपती हवा होता. "यार काका, बिझनेसवाला माणूस पाहिजे. फोन उचलतो, काम करून टाकतो." मी प्रतिनिधीगृहातल्या एका तरुण, तडफदार बाईंच्या बाजूची. "पुढे वीस वर्षं सिनेटमध्ये राहील, मोठ्या समित्यांवर जाईल, तिलाच नेमा," असं मी घसा ताणून सांगायची. आणि काकांचा उमेदवार होता एक निवृत्त न्यायाधीश बाई, वय सत्तरीच्या पुढे. मी नुसती वेळ निभावून नेईन, निवडणूक लढवणार नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं होतं.

"दोन वर्षांची पाहुणी काय दिवे लावणार?" मी विचारलं. "तिला ना समिती मिळणार, ना कुणी विचारणार."

"समिती कायले पाहिजे? सही पाहिजे," काका म्हणाले. "जिला उद्या मतं मागायला जायचं नाही, तिलाच ज्यांना मत नाही त्यांच्याकडे पाहायला वेळ असतो."

मी टाळ्या वाजवून त्यांची थट्टा केली. काका हसले नाहीत. निखिल ताट धुवायला गेला, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. ऋता नोव्हेंबरात एकवीस वर्षांची होणार होती. एकवीस झाली की मूल बापाच्या अर्जातून गळतं आणि अठरा वर्षांची रांग त्याच्यापुरती संपते. खरं तर काकांचा नंबर लागला होता. पण फाइल एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जाताना कुठेतरी रुतून बसली होती. गेलेल्या सिनेटरांच्या कचेरीतली एक बाई पत्र लिहून ती शोधत होती. सिनेटर गेले आणि पत्रं थांबली. "नवीन माणसाची सही आली की फाइल हलते," काका म्हणाले. "निवडणुकीच्या मागे लागलेला माणूस माझं पत्र तळाशी टाकेल. ही बाई नाही टाकणार."

मग त्यांनी खिशातून चौकटीचा कागद काढून माझ्या हातात दिला. गव्हर्नरच्या कचेरीने वेबसाइटवर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. न्यायाधीश बाईंनाच का नेमावं, ते काकांनी सुबक अक्षरात इंग्रजीत लिहून काढलं होतं. स्वतःबद्दल एक शब्द नाही. "तो फॉर्म मी नाही भरू शकत. 'मी मतदार आहे' अशी खूण करावी लागते. चुकून जरी केली, तर अठरा वर्षं पाण्यात. आपल्या टेबलावर तुलाच मत आहे. तू भर. शुक्रवारी शेवटची तारीख आहे."

"भरते की," मी म्हटलं. खुशाल म्हटलं.

शुक्रवारी दुपारी मी फॉर्म उघडला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, काकांचा मजकूर उतरवला. मतदाराच्या चौकटीवर खूण केली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही माहिती सार्वजनिक नोंदीत राहील. माझा हात थांबला. सरकारच्या कागदावर माझं नाव, कायमचं. मला कसली भीती होती? कसलीच नाही. कुणी मला या देशातून काढू शकत नव्हतं. तरी मी काकांनीच शिकवल्यासारखी ती खिडकी बंद केली. आणि खोटं कशाला बोलू, महिनाभर जिच्याविरुद्ध भांडले तिची शिफारस माझ्या नावाने जाणार, हेही मला रुचत नव्हतं. यातलं कुठलं कारण किती, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. संध्याकाळी घरून पाठवू असं मनाशी म्हटलं, आणि संध्याकाळी मैत्रिणीकडे जेवायला गेले.

सोमवारी मी धास्तावूनच टेबलावर गेले. काकांनी विचारलंच नाही. सांगितलेलं काम झालेलं असणारच, असं धरून चालायची त्यांची पद्धत होती.

पंधरा दिवसांनी गव्हर्नरने नाव जाहीर केलं. माझी तडफदार बाई. निखिलने मला टाळी दिली. काकांनी चौथ्या खुर्चीवरचा नॅपकिन उचलला, घडी करून कचऱ्यात टाकला आणि म्हणाले, "भरली जागा. ठेवा आता डबे." नव्या कचेरीचं उत्तर यायला महिना लागला. आधीचा सगळा पत्रव्यवहार बंद करण्यात आला आहे, नव्याने अर्ज करावा. काकांनी त्याच दिवशी केला. ऑक्टोबर संपत आला होता.

ऋताच्या वाढदिवसाला रविवार होता. दुपारी चार वाजता केक मधे ठेवला, दोन आणि एक आकड्यांच्या मेणबत्त्या खोचल्या. काका हातात लायटर घेऊन उभे. "थांबा जरा, निखिल येऊ दे." निखिल आला. "थांबा, पडदे ओढतो." पडदे ओढले. मग मोबाइल बघून आले. मग म्हणाले, "थोडा चहा घ्या ना आधी." काकू हळूच म्हणाल्या, "अहो, लावा आता." काकांनी लायटर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. शेवटी ऋताने त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, इट्स ओके. जस्ट लाइट इट. मी मोठी होणारच ना." त्यांनी मेणबत्त्या लावल्या. आम्ही गाणं म्हटलं. मी केक खाल्ला, आणि माझ्या पर्समध्ये तो चौकटीचा कागद तसाच होता.

तिचा इथला स्टुडन्ट व्हिसाही नाकारला गेला. जानेवारीत ती टोरोंटोच्या कॉलेजात गेली. आठ-नऊ तासांच्या ड्राइव्हवर मुलगी, पण काकांच्या स्वतःच्या व्हिसाची मुदतवाढ अडकलेली; देशाबाहेर पाऊल टाकलंत तर परत घेतीलच असं सांगता येत नाही, असं वकील म्हणाला. त्या हिवाळ्यात काका चारच्या चार खुर्च्या टेबलाला नीट सारून एकटेच उभ्याने जेवायचे. बुलेटिन वाचायचं त्यांनी बंद केलं. एप्रिलमध्ये एक दिवस रस्ता ओलांडताना ते लाल दिव्यातच चालू पडले. गाडी नव्हती, काही झालं नाही. पलीकडे पोचल्यावर म्हणाले, "जातो आम्ही कॅनडाला. राहू दे हा नंबर इथंच."

सामान भरलं त्या दिवशी मी मदतीला गेले होते. भिंती कोऱ्याच होत्या, त्यामुळे घर फार लवकर आवरलं. बर्फ ओढायचं फावडं त्यांनी माझ्या हातात दिलं. "तिकडेही बर्फच आहे, काका," मी म्हटलं. "तिकडचं तिकडे घेऊ," म्हणाले. काकू गाडीत बसल्या. दार लावता लावता काका थांबले आणि सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "तो फॉर्म तू पाठवला होता ना?"

माझ्या एका फॉर्मने काही बदललं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. या माणसाने आयुष्यभर आपलं 'नाही' खरं ठरावं म्हणून स्वतःला जपलं होतं, आणि मला ते एकदा म्हणता आलं नाही.

"हो," मी म्हटलं. "वेळेवर पाठवला होता."

त्यांचा चेहरा उजळला. "बस! अठरा वर्षांत एक तरी मत आपल्या टेबलावरून पडलं."

टोरोंटोहून त्यांनी पाठवलेला पहिला फोटो म्हणजे नुसती भिंत होती. मधोमध एक वाकडा खिळा आणि त्याला घड्याळ. खाली लिहिलं होतं, "काकूनं ठोकला." मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले, आणि त्यांना खरं सांगावं म्हणून लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं नाही.

त्यानंतर मी एकही निवडणूक चुकवलेली नाही. शाळेच्या मंडळाचीसुद्धा नाही. मतदानाच्या दिवशी सकाळीच काकांचा मेसेज येतो, "स्टिकरचा फोटो पाठव." मत दिल्यावर मिळतो तो छोटा गोल स्टिकर मी कोटावर लावते आणि केंद्राच्या दारातच, हातमोजा काढून, फोटो काढते. तो मात्र लगेच पाठवते.