अंजनाबाईंची थंडी आणि माझं सोयाचं दूध

अंजनाबाईंना विहारात माईक लागत नाही. आमच्या कॉलनीमागेच रेल्वेचं वर्कशॉप आहे. तिथे वॅगन आपटली की आमच्या भिंतींना कळतं. पण पावसाळ्यात, आम्हा बौद्धांच्या वर्षावासात, अंजनाबाई ग्रंथ वाचायला बसल्या की वॅगन ऐकू येत नाही, त्याच ऐकू येतात.

पवनीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन त्या रायपूरला आल्या तेव्हा चौथी पास होत्या. त्यांचे मिस्टर शामराव त्याच वर्कशॉपात होते. हातोड्यांच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, म्हणून ते बायकोकडून रोज पेपर मोठ्याने वाचून घेत. नवऱ्याच्या बहिरेपणातून हा आवाज तयार झाला. शामराव गेले तसा बाईंनी पेपर बंद केला आणि विहारात ग्रंथ धरला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळचं वाचन त्यांचं. बाकीचे महिने त्या नुसत्या वाट पाहतात, असं म्हटलं तरी चालेल.

अशा बाईंचा आवाज मी बसवला. चांगलं करायला गेले होते.

माझी पाळी बंद झाली आणि अंगातून वाफा निघू लागल्या. वंदना म्हणताना मानेवरून घाम ओघळायचा. बाजूच्या बायकांना वाटायचं, शांताबाई श्रद्धेने भिजल्या. मग एक दिवस मोबाईलवर वाचलं की सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन म्हणून काही असतं, ते बाईच्या शरीरातल्या, पाळी गेली की घटणाऱ्या इस्ट्रोजेनसारखंच थोडंफार वागतं, आणि जवसातही तसलंच काहीतरी असतं. मी गोंदियाच्या मराठी शाळेत दहावी झालेली, विज्ञानात आकृत्यांच्या जोरावर पास. पण त्या दिवशी मी डॉक्टर झाले.

रात्री सोयाबीन भिजवायचं, पहाटे उकळायचं, मिक्सरमधून काढून फडक्याने गाळायचं. घरात असा वास सुटला की आमचे हे म्हणाले, "ओलं कुत्रं आणलं का घरात?" वेलची टाकली तर म्हणाले, "आता वेलची खाल्लेलं कुत्रं." ते काही प्यायले नाहीत. कोणीतरी प्यायलाच हवं होतं. अंजनाबाई भिडस्त, समोरच राहतात, आणि सकाळी लवकर उठतात. झालं.

"बाई, तुम्ही थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्यानं घेता?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. "रिकाम्या पोटी? आतडी जळतील ना!"

"डॉक्टरनं तसंच सांगतलं वो."

"डॉक्टर माणूस आहे. त्याले बाईच्या पोटाचं काय कळते? माझ्या दुधासोबत घ्या."

तेव्हापासून मी रोज पहाटे कॅन घेऊन हजर. बाई गोळी तोंडात टाकत, वरून माझं सोयाचं दूध. ग्लास रिकामा झाल्याशिवाय मी हलत नसे.

श्रावणात त्या विहारात शाल घेऊन आल्या. रायपूरचा तो चिकट उकाडा, मी पदराने वारा घेतेय, आणि बाई म्हणतात, "शांते, पंखा बंद कर वो, मले थंडी वाजून राहिली."

मला काय आनंद झाला! सोयाने बाईंच्या अंगातली उष्णता मारली! माझ्या अंगातली का मारली नाही, हा विचार आला नाही. मी ग्लास मोठा केला.

भाद्रपद लागता लागता त्यांचा आवाज गंजलेल्या झाकणासारखा झाला. एका संध्याकाळी वाचता वाचता त्या थांबल्या, डोळे मिटले. विहार एकदम शांत. कोणीतरी कुजबुजलं, "बाईचं ध्यान लागलं!" सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. आणि तेवढ्यात घोरणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून वाचायला मला बसवलं. मी वाचते ती रेशनच्या दुकानात नावं पुकारल्यासारखी. मागून एक जणी मला ऐकू येईल इतक्या हळू बोलली, "गुरूले दूध पाजलं अन् चेली आसनावर बसली!"

बाई शालीत बसून नुसते ओठ हलवत होत्या. घरी जाताना म्हणाल्या, "पौर्णिमेला, समाप्तीच्या दिवशी मी ग्रंथ वाचला नाही, त पुढच्या वर्षी कोणी मले बोलावणार नाही. म्हातारी झाली म्हणतील, अन् संपलं."

मी म्हणाले, "उद्यापासून दोन ग्लास देते."

त्यांची सून रीना फाटकात उभी होती. मराठी सगळं कळतं तिला, बोलते हिंदीत. "मम्मीजी, कल डॉक्टर के पास चलो. आंटी, आप भी चलो."

मी कॅन घेऊन गेले.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "गोली रोज लेती हैं? किसके साथ?" बाईंनी आणि रीनाने माझ्याकडे पाहिलं. घरचं सोयाचं दूध म्हणून मी कॅन वर उचलून दाखवला, अभिमानानेच.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. सोया वाईट नाही, म्हणाले, पण गोळीसोबत घेतलं तर गोळी अंगात नीट शोषली जात नाही; म्हणूनच ही थंडी, झोप आणि बसलेला आवाज. गोळी साध्या पाण्याने, रिकाम्या पोटी. सोया प्यायचंच तर तीन-चार तासांनी. मग मला विचारलं, "आपको फायदा हुआ?"

"नहीं."

"किसी को थोड़ा होता है, किसी को नहीं."

बाहेर आल्यावर माझे डोळे भरले. बाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "रडून काहून राहिली? बुद्धानं मध्यम मार्ग सांगतला, तू सोयाबीनचं टोक गाठलं. उद्या ये, पण पाणी घेऊन ये."

त्यांच्या घरी नळ आहे. तरी मी रोज पहाटे एक ग्लास पाणी घेऊन रस्ता ओलांडत होते.

आश्विन पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून पुढे बसले. बाईंना जमलं नाही तर मलाच पुकारावं लागणार होतं. त्या आल्या, आसनावर बसल्या, चष्मा पुसला. शाल खांद्यावरून काढून बाजूला ठेवली.

"पंखा लावा ना वो कोणी. गरम होऊन राहिलं."

मी बटणाकडे धावले. आयुष्यात इतक्या आनंदाने पंखा लावला नसेल.

पहिलं पान घशातच अडकलं. दुसऱ्या पानावर आवाज मोकळा होत गेला. मागे वर्कशॉपात वॅगन आपटली असेल, मला ऐकू आली नाही. आता माझी गरज नव्हती; पुढची जागा सोडून मी मागच्या भिंतीला टेकून बसले. रात्रभर घामाने झोप नव्हती, वर पंख्याचा गार वारा. डोळे मिटले.

वाचन थांबलं.

"शांते, ध्यान लागलं का डोळा लागला?"

सगळा विहार हसला. "ध्यान," मी म्हणाले.

"मग घोरू नको," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटलं.