चाखणाऱ्या मावशींची जीभ

मावशींना पगार मिळायचा तो जिभेचा. बाकीचं शरीर आपलं सोबत यायचं. चहाच्या कारखान्यात लांब टेबलावर तीस-चाळीस पांढरे पेले मांडलेले असायचे. मावशी चमच्याने घोट घ्यायच्या, नवखा माणूस दचकेल असा सुर्रकन आवाज करायच्या आणि पिकदाणीत थुंकून निकाल द्यायच्या. "पास." "नापास." "हा वाळवताना कुणीतरी झोपलं होतं." मालकांचीसुद्धा वर बोलायची छाती नव्हती.

तीच जीभ एक दिवस संपावर गेली. आधी गुळगुळीत झाली, मग चुरचुरू लागली, मग तिला सगळे पेले सारखेच. जिना चढताना धाप लागायची ती वेगळीच. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. दर महिन्याला रक्त जास्त जात होतं, त्यावर त्यांनी औषध दिलं आणि वर लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "लोह भरून निघालं की जीभही ताळ्यावर येईल," ते म्हणाले.

कारखान्यात मावशींनी अवाक्षर काढलं नाही. बावीस वर्षांचं नाव! कळलं तर उद्यापासून पाकिटं चिकटवायला बसवतील, या धास्तीने त्यांना घास गोड लागेना. तसाही तो लागत नव्हताच म्हणा. मग त्यांनी शक्कल लढवली. शेजारी मास्तर चाखायला असायचे, मावशींच्याच हाताखाली तयार झालेले. मास्तरांच्या भुवया वर गेल्या की "पास", नाक मुरडलं की "नापास". झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी नवऱ्याने कंबर कसली. लोह मिसळलेल्या पिठाचा पाव शोधून आणला आणि पाकिटावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

"अगं, चव अगदी नेहमीसारखी आहे."

"असेल. मला कुठे कळतंय!"

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन सव्वाआठ. नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"गोळ्या घेताय ना?"

"एक चुकवली असेल तर शपथ."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर. आमच्या टेबलावर दुसरं असतं काय?"

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, चहा त्या लोहाला अंगी लागू देत नाही!"

"पण मी चहा गिळत नाही, थुंकते."

"मग गोळीपण थुंकता की काय?"

"नाही... गोळीपुरता गिळते," मावशी ओशाळून म्हणाल्या. "पेलाभर."

तेव्हापासून गोळी संध्याकाळी, चहाला दोन तास उलटल्यावर, लिंबाच्या पाण्याबरोबर. पोट कुरकुरायचं, पण मावशी हट्टाला पेटल्या होत्या. पावही नेटाने खात होत्या. दीड महिन्याने धाप कमी झाली. जीभ मात्र अजून गप्पच होती.

मग एका सकाळी 'पास'ची जुनी चिठ्ठी लावलेल्या सातव्या पेल्याशी मावशी थबकल्या. पुन्हा घोट घेतला. जळकट! चक्क जळकट! त्यांना नाचावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"हा कुठल्या गाढवाने पास केला?"

मास्तरांनी चिठ्ठीवरची तारीख दाखवली. "मावशी, तुम्हीच. तीन महिन्यांपूर्वी. दुकानांतून तक्रारी आल्यात, म्हणून पुन्हा ठेवलाय."

"अहो, पण तुमच्या भुवया वर गेल्या होत्या!"

"मला सर्दी होती तेव्हा. मला काय वास, काय चव! मी तुमच्या तोंडाकडे बघून भुवया हलवत होतो."

मग मावशींना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. डोळे पुसून त्या तडक मालकांच्या खोलीत गेल्या.

"तो चहा सगळा परत मागवा. चूक माझी. माझी जीभ गेली होती."

मालक गोंधळले. "आणि हे आज सांगताय?"

"आज आली ना परत."