काळोखाचा कोतवाल आणि उतरलेला खांदा

टेलरमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलाखाली होते. एक गिऱ्हाईक विजारीच्या लांबीवरून तावातावाने बोलत होतं आणि मास्तर खाली वाकून न पडलेलं बटण शोधत होते. गिऱ्हाईक दमून निघून गेल्यावर हळूच वर आले आणि मला म्हणाले, "या सर, बसा. गेला ना तो?"

मी वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलो होतो. खाली पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थांना ताई 'बाळ्या' म्हणत. हात कामाला चोख, पण समोरच्याचा आवाज चढला की मास्तर टेबलाखाली. त्यांची सगळी मर्दुमकी टेबलाखालच्या गठ्ठ्यात होती: रद्दीतून उचललेली जुनी मासिकं. त्यांत 'काळोखाचा कोतवाल' नावाचा एक वीर होता. एरवी साधा अत्तरविक्या. अन्याय दिसला की तोंडावर मुखवटा, पाठीवर झगा, आणि जाता जाता दुष्टाच्या छातीवर तलवारीच्या टोकाने चंद्रकोर. इस्त्री तापेपर्यंत मास्तर एक प्रकरण वाचत. प्रकरण रंगलं की इस्त्रीही जरा जास्तच तापे. माझ्या एका सदऱ्यावर त्याची खूण अजून आहे.

पुढे ताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि चाकांची खुर्ची आली. मास्तरांनी गवंडी बोलावून मागच्या दारापासून सामाईक अंगणापर्यंत उतार करून घेतला. ताई दोन दिवस अंगणात बसल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मिशीवाल्यांना शोध लागला की उताराच्या तोंडाशी सावली छान पडते, आणि त्यांनी तिथे स्कूटर आडवी लावली. ती मग तिथलीच झाली. ताई घरात अडकल्या.

"बाळ्या, तू बोल त्याच्याशी."

"तूच बोल ना ताई. तुझ्यापुढे कोणाची टाप आहे?"

"माझ्या बोलण्याची सवय झालीय मेल्याला. काल म्हणतो, काकू, आज आवाज जरा बसलाय का? तू एकदा बोललास तर दचकेल तरी!"

मास्तर 'बघतो' म्हणाले आणि टेबलाखाली गेले.

रविवारी दुपारी मी अंगणातल्या जिन्यात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मिशीवाले नवा सदरा घालून आले, स्कूटर आडवी लावली. तेवढ्यात जिन्याखालून आरोळी आली, "थांब, दुष्टा!"

झगा म्हणजे दुकानाचा पडदा होता. मुखवटा जांभळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. माझ्या कोटाच्या अस्तरासाठी माझ्या बायकोने निवडलेलं कापड ते, मी लगेच ओळखलं. डोळ्यांच्या भोकांना सुबक काजं केली होती.

"कोण रे तू?" मिशीवाले म्हणाले.

"ते विचारू नकोस! काळोखाचा कोतवाल म्हणतात मला!"

"भर दुपारी? आणि मास्तर, गळ्यात टेप राहिलीय."

"ती... ती फासाची दोरी आहे!"

कोतवालाने खिशातून खडू काढला आणि चंद्रकोर काढायला पुढे झाला. टेप आणि खडू घेतलेला माणूस जवळ येताना पाहून मिशीवाल्यांनी सवयीने दोन्ही हात पसरले आणि पोट आत घेतलं. आणि तिथेच घोटाळा झाला. मास्तरांची नजर छातीवर जायची ती खांद्यावर गेली. डोकं तिरकं झालं. खडू चंद्रकोर विसरला. खांद्यावर एक तिरकी रेघ, काखेत दोन खुणा, पाठीत एक फुली.

"उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय," कोतवाल पुटपुटला. "कोणी शिवला हा?"

"बघा! मी बायकोला तेच म्हणत होतो!"

"श्वास सोडा."

मिशीवाल्यांनी सोडला. मग कोतवालाला आपण कोण आहोत ते आठवलं. "पुन्हा भेटू!" असं ओरडून तो पळाला, झगा स्कूटरच्या हँडलला अडकला, आणि आतून ताई म्हणाल्या, "बाळ्या, पडशील!"

स्कूटर मात्र जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी कोटाची चौकशी करायला मी दुकानात गेलो, तर मिशीवाले सदरा घेऊन हजर. "कोणीतरी खुणा करून गेलंय," ते डोळे मिचकावून म्हणाले. "बरोबर केल्यात. परवा ऑफिसात माझा निरोपसमारंभ आहे, फोटो निघणार. तेवढं करून द्या."

मास्तरांनी टेबलाखाली पाहिलं. मग मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे ताई खुर्चीत बसून उंबऱ्यातूनच अंगण बघत होत्या. मास्तरांनी सदरा उचलून दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला, उजेडात शिवण तपासतात तसा. सदऱ्यामागून आवाज आला, "करतो. पण आधी स्कूटर हलवा."

"काय म्हणालात?"

"ताईला अंगणात बसायचंय. स्कूटर हलल्याशिवाय मी सुई धरणार नाही."

मिशीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अहो, मग असं सरळ सांगायचं ना," मिशीवाले म्हणाले, "पडदे काय गुंडाळून येता?" आणि किल्ली घेऊन बाहेर गेले.

स्कूटरचा आवाज लांब जाईपर्यंत मास्तरांनी सदरा खाली घेतला नाही. मागून ताई म्हणाल्या, "बाळ्या, आता तरी खाली ठेव तो. आणि मला ढकल."

मिशीवाल्यांचा फोटो छान आला, दोन्ही खांदे सारखे. माझा कोटही शिवून आला. अस्तरात दोन मोठी काजं आहेत. मासिकांचा गठ्ठा अजून टेबलाखालीच असतो.

टेलरमास्तर हल्ली दुपारी चार ते पाच दुकान बंद ठेवतात. त्या वेळात ते ताईंची खुर्ची ढकलत कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन येतात.